साहेब आले तरी उठायचं नाही

पहिल्या वेळी आमच्या वाचनालयाला सरकारी अनुदान मिळालं नाही ते माझ्या पुरणपोळ्यांमुळे, असं मी आजही म्हणते. घरातले म्हणतात, तसं काही नव्हतं, कारणं बरीच होती. असतील. पण मला जे लागलं ते पोळ्यांचंच, आणि आठवण माझी आहे, तेव्हा सुरुवात मी तिथूनच करणार.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी नगरची, मॅट्रिक झालेली, आणि लग्न होऊन पुणतांब्याला एका शेतकऱ्याच्या घरात आलेली. नवरा साखर कारखान्यात पाळीवर जायचा. सासरे शेती बघायचे. आमच्याकडे सासऱ्यांना मामंजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामंजी सातवीपर्यंतच शिकलेले, पण वाचायची हौस अशी, की वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचल्याशिवाय फेकायचे नाहीत. गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे ते चिटणीस होते. वाचनालय म्हणजे सोसायटीच्या गोदामाला लागून असलेली एक खोली. तिच्यात दोन कपाटं, एक लांब टेबल, दोन बाकं आणि एक खुर्ची. खुर्ची ग्रंथपालाची.

आधीचे ग्रंथपाल शाळेतले मास्तर होते. त्यांची बदली झाली आणि खुर्ची ओस पडली. रोज चार ते सहा फुकट बसायला कोणी तयार होईना. तेव्हा मामंजींनी समितीत सांगून टाकलं, "आमची सूनबाई मॅट्रिक हाय. ती बसंल." घरी येऊन त्यांनी ही बातमी दिली तेव्हा आत्याबाई भाकरी थापत होत्या. ती भाकरी त्या दिवशी तव्यावर करपली. शेतकऱ्याची सून चारचौघांत खुर्ची टाकून बसणार, हे त्यांच्या गळी उतरेना. दोन दिवस घरात धुसफूस चालली आणि शेवटी तोड निघाली. सरकारची मान्यता, आणि तिच्याबरोबर येणारं अनुदान, मिळेपर्यंत मी बसून बघायचं. मान्यता आली तर खुर्ची माझी, रीतसर. नाही आली तर मी मुकाट्याने घरात.

मला ते दोन तास फार हवे होते. उगाच लपवून काय करायचं? दिवसभर चूल, गोठा, धुणं यांत मी कोणाची तरी सून, कोणाची तरी बायको, कोणाची तरी वहिनी असायची. चार वाजता कपाटाची किल्ली कमरेला खोचून निघाले की मी मीच असायची. खुर्चीचा एक हात मोडका होता, तरी मला ती सिंहासनापेक्षा प्यारी होती.

एक गोष्ट मात्र कोणी न बोलता ठरून गेली होती. मी आत असताना मामंजी खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. सुनेनं सासऱ्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही, ते आले की पदर सावरून उठायचं, हा आमच्या घरचा रिवाज. म्हणून ते बाहेर खिडकीखालच्या कट्ट्यावर बसत आणि आत मोठ्याने वाचला जाणारा पेपर तिथूनच ऐकत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

तर पुरणपोळ्या. तपासणीला नगरहून साहेब येणार असं पत्र आलं. मामंजींनी तडक जाहीर केलं की साहेबाचं जेवण आपल्या घरी. पुरणाच्या पोळ्या कराव्यात हे ओघानंच आलं, आणि त्या सुनेनं कराव्यात हेही ओघानंच. साहेब सकाळच्या गाडीने उतरले तेव्हा मी चुलीपुढे घामाघूम होऊन पुरण वाटत होते. ग्रंथपाल कुठे असायला हवा, हा विचार आमच्या घरात एकाच्याही डोक्यात आला नाही. मॅट्रिक झालेलीच्या डोक्यातही नाही.

तिकडे वाचनालयात काय झालं ते मला नंतर कळलं. दोन्ही बाकं भरलेली होती. साहेब दारात दिसले आणि सगळे ताडकन उठले. साहेबासमोर बसायचं कसं? नुसते उठले नाहीत, साहेबांना मोकळं वाटावं म्हणून एकेक करून बाहेर गेले आणि लिंबाखाली हात जोडून उभे राहिले. त्यांना दारापर्यंत आणणारे मामंजीही त्यांच्यातच. साहेब रिकाम्या खोलीत एकटे. खिडकीतून बघतात तर बाहेर ही गर्दी. त्यांना वाटलं असेल, गावात मयत वगैरे आहे.

मग साहेब घरी आले, जेवले. चार पोळ्या खाल्ल्या, वर दूध-तूप. "अशी पोळी नगरात खायला मिळत नाही हो," असं ते म्हणाले ते मी आतून कान देऊन ऐकलं आणि फुशारून गेले. आता अनुदान कुठे जातंय, असंच मला वाटलं.

दोन महिन्यांनी लिफाफा आला. तपासणीच्या वेळी वाचनकक्षात एकही वाचक आढळला नाही. हजेरीपुस्तकात रोज एखादीच सही दिसते. कपाटातली बरीच पुस्तकं जागेवर नाहीत, असलेल्यांवर शिक्का नाही. आणि शेवटी, ग्रंथपाल जागेवर उपस्थित नव्हते. त्रुटी दूर करून पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "उपस्थित नव्हते म्हणे! चार पोळ्या खाल्ल्या त्या काय आभाळातून पडल्या?" मी माजघरात एवढ्या मोठ्याने बोलले, की बाहेर मामंजींना ऐकू गेलं. माझा स्वभाव तेव्हापासूनच असा, तोंडाला कुलूप नाही. मामंजींनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "साहेबाचं काई चुकलं न्हाई. त्यानं जे बघितलं ते लिवलं. आपन पुन्ना अर्ज करू."

पण आता घोळ होता. सोसायटीने बजावलं की पुढच्या वर्षीही मान्यता मिळाली नाही तर खोली खताच्या पोत्यांना लागेल. आत्याबाईंनी बजावलं की त्याच दिवशी माझी किल्ली खुंटीला लागेल. म्हणजे पोत्यांचं आणि माझं नशीब एकाच अर्जाला बांधलेलं. मी दुसऱ्या दिवसापासून पदर खोचला.

पहिलं काम हजेरीचं. आमच्याकडे पेपर वाचायचे ते हवालदार. पलटणीतून निवृत्त होऊन आलेले, आवाज असा की नदीच्या घाटावर ऐकू जावा. ते एकटे मोठ्याने वाचत आणि पंधरा-वीस जण ऐकत. सही फक्त हवालदारांची. मी सगळ्यांपुढे हजेरीपुस्तक सरकवलं तर कोणी हात लावेना.

"आमी कुठं वाचलं, वैनी? आमी तर ऐकलं."

"अहो, ऐकणं म्हणजे वाचल्यासारखंच आहे."

"वाचल्यासारखं आन वाचलं येगळं. सरकारी कागदावर खोटी सही करायची व्हय?"

इतकी खरी माणसं एका खोलीत भेटली की कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं. मी तीन दिवस डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. हवालदारांनी वाचून झालं की पेपर बाकावरून फिरवायचा, प्रत्येकाने निदान एक ओळ स्वतः वाचायची आणि मग सही ठोकायची. हे मात्र सगळ्यांना पटलं. बहुतेक जण गुळाच्या भावाची ओळ पसंत करत, कारण ती लहान होती. फक्त एका म्हाताऱ्या शेतकरी आजोबांनी मोठी बातमी धरली. त्यांना अक्षरओळख जेमतेम. एकेक अक्षर लावत, मध्ये खोकत, ते ओळ पुरी करेपर्यंत बाकीच्यांच्या गायी घरी पोचलेल्या असत. मी चरफडत बसायची, कारण ओळ पुरी झाल्याशिवाय ते सही करत नसत आणि सही झाल्याशिवाय मला पुस्तक मिटता येत नसे. पण दिवाळीनंतर एकदा त्यांनी साबणाची अख्खी जाहिरात न अडखळता वाचली आणि बाकावरच्या सगळ्यांकडे अशा नजरेने बघितलं, की मला रागावणं जमेना.

मग पुस्तकं. मास्तरांच्या काळात कोण काय घेऊन गेलं याची नोंद त्यांच्या डोक्यात होती, आणि डोकं बदलीबरोबर गेलं. मी घरोघर फिरले. पुस्तकं सापडत गेली ती धान्याच्या कणगीवर, बैलगाडीच्या पेटीत, एक तर पाळण्याच्या उशाशी. उसावरच्या रोगांचं एक पुस्तक राहात्याला कोणाच्या जावयाकडे गेलं होतं. मी बाजाराच्या दिवशी एस.टी.ने राहात्याला जाऊन ते घेऊन आले. जावईबापूंनी पुस्तक दिलंच, वर पिशवीभर पेरू दिले आणि विचारलं, "बाई, ह्याचा दुसरा भाग हाय का?"

सगळ्यात अवघड गेलं एका आजींकडे. वाचनालयाची जुनी पोथी त्यांच्या देव्हाऱ्यात होती. रोज हळदकुंकू वाहून वाहून तिचा पुठ्ठा लाल-पिवळा झालेला. मी म्हटलं, पोथी वाचनालयाची आहे, शिक्का मारायला न्यायची आहे. आजींनी कानांवर हात ठेवले.

"देवाला शिक्का मारतेस व्हय गं? देव काय सोसायटीचा हाय?"

मी पुष्कळ समजावलं. एकदा चिडून बोलले, मग घरी जाऊन पस्तावले. दुसऱ्या दिवशी शिक्का आणि शाईची गादी घेऊन मीच त्यांच्या घरी गेले. आजींनी आधी शिक्क्याला हळदकुंकू लावलं, त्याला नमस्कार केला, आणि मग शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतःच्या हाताने दाबून मारला. तपासणीच्या दिवशी पोथी कपाटात आणायची आणि संध्याकाळी आरतीच्या आत परत पोचवायची, असा करार झाला. आमच्या दाखल नोंदवहीत त्या पोथीच्या नोंदीवर अजून कुंकवाचा ठिपका आहे.

राहिलं ते सगळ्यांत कठीण. साहेब आले तरी उठायचं नाही. हे माणसांना तोंडाने पटत होतं, पण पायांना पटत नव्हतं. हवालदार म्हणाले, "ह्याची परेडच घ्यावी लागंल." त्यांनी पलटणीतला जुना कोट घातला, काखेत वही मारली आणि ते साहेब होऊन दारातून आत आले. सगळे ताडकन उभे. "खाली!" हवालदार गरजले. पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले. अर्धे उठले. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "एवढ्या वेळा सांगितलं तरी कळत नाही का तुम्हाला? साहेब माणूस आहे, वाघ नाही. बसून राहायचं म्हणजे राहायचं!" तिसऱ्या वेळी फक्त आजोबा उठले. "गुडघा धरलाय, सरळ करत हुतो," म्हणाले. चौथ्या वेळी कोणी हललं नाही आणि मी इतकी खूश झाले, की सगळ्यांना राहात्याचे पेरू वाटले. बाहेर कट्ट्यावर मामंजी बसले होते. एक पेरू मी खिडकीतून त्यांच्याकडे पाठवला.

अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण अक्षर माझं बरं. मागच्या वर्षीची नक्कल समोर ठेवली. ग्रंथपालाचं नाव आणि शिक्षण या रकान्यात मामंजींनी लिहिलं होतं, 'चिटणिसांची सून, मॅट्रिक.' मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. मग नव्या अर्जात माझं स्वतःचं नाव पूर्ण लिहिलं, ठळक, कार्बनच्या तिसऱ्या प्रतीपर्यंत उमटेल असं दाबून. सहीसाठी कागद मामंजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, त्या रकान्यावर बोट थोडं थांबलं. मग त्यांनी सही केली. रागावले की काय, हे मला कळलं नाही आणि विचारायची छाती नव्हती.

पुन्हा तारीख आली, पुन्हा तेच साहेब. आदल्या दिवशी दुपारी आत्याबाईंनी हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली. मी बघत होते. पोळ्यांचं नाव काढायचं धाडस मला होईना. शेवटी त्याच म्हणाल्या, "उंद्या पोळ्या मी करीन. तू तुज्या खुर्चीवर जाऊन बस."

मला खरंच वाटेना. मी म्हटलं, "आत्याबाई, धुरात तुम्हाला त्रास होतो."

"व्हईल तेवढा व्हईल. वरीसभर उन्हातान्हात घरोघर हिंडलीस ती काय पोळ्या लाटायसाठी? आन त्या साहेबाला म्हनावं, आता लिव, ग्रंथपाल कुठं हाय ते!"

म्हणजे मागच्या वर्षीचं ते वाक्य त्यांनाही लागलं होतं. हे मला वर्षभर कळलं नव्हतं. त्या क्षणी मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तशी आमच्यात रीत नव्हती, म्हणून मी डाळ निवडू लागले.

साहेब येणार म्हणून वाचनालय सकाळीच उघडलं. मी इस्त्रीचं लुगडं नेसले होते. पोथी कपाटात, नोंदवह्या टेबलावर, दोन्ही बाकं भरलेली, हवालदार पेपर उघडून तयार. गाडीची शिट्टी ऐकू आली आणि सगळे एकदम खाकरले. थोड्या वेळाने दारात साहेब. कोणी उठलं नाही! माना खाली, हात मांड्यांवर घट्ट, आजोबांनी दोन्ही हातांनी गुडघा धरून ठेवलेला. हवालदारांचा आवाज दुप्पट चढला. साहेब खोलीभर नजर फिरवून जरासे हसले. मला वाटलं, जिंकलो.

आणि साहेबांच्या मागून, वहाणा बाहेर काढून, दाराच्या चौकटीखाली वाकत मामंजी आत आले.

चिटणीस साहेबांबरोबर येणार हे उघडच होतं. वर्षभर सगळ्या गावाला बसून राहायला शिकवताना एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मामंजी दिसले आणि मी उठले. उठायचं असं ठरवलंही नाही. पदर डोक्यावर आला, खुर्ची मागे सरकली आणि मी कपाटाच्या आडोशाला जाऊन उभी. हवालदारांचं वाचणं अडलं. सगळी बाकं माझ्याकडे बघत होती, आणि ज्यांना मी 'साहेब वाघ नाही' म्हणून झापलं होतं ते आता काय म्हणत असतील या विचाराने माझे कान तापले. परत जाऊन बसावं म्हटलं तर पाय हलेनात.

साहेबांनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि हातातल्या कागदाकडे. "ग्रंथपाल कोण? मागच्या वेळीही जागेवर नव्हते."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे सरळ असं कधी बघितलं नव्हतं. सुनेशी बोलायचं तर भिंतीकडे बघून, दाराकडे बघून. त्यांनी पुढे होऊन खुर्ची टेबलाशी नीट सरकवली, तिची पाठ धरली आणि म्हणाले,

"बाई, बसा तुमी. खुर्ची तुमची हाय. हितं मी वाचक हाय."

मला ते आयुष्यात पहिल्यांदा 'तुमी' म्हणाले. आणि मी काही बोलायच्या आत ते जाऊन बाकाच्या टोकाला, आजोबांच्या शेजारी बसले. आजोबांनी त्यांना सरकून जागा दिली. हवालदारांनी पेपर त्यांच्याकडे दिला. मामंजींनी गुळाच्या भावाची ओळ स्पष्ट वाचली, हजेरीपुस्तक ओढून सही केली आणि हात मांडीवर ठेवून इतरांसारखे बसून राहिले.

मी बसले. डोळे भरून आले होते, ते मी नोंदवही उघडायच्या निमित्ताने लपवले. साहेबांनी विचारत जावं आणि मी दाखवत जावं, असं तासभर चाललं. पोथीवरच्या कुंकवाबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा मी सगळी हकीगत सांगितली, आणि ते इतके हसले, की बाकंही हसली.

दुपारी ते घरी जेवायला बसले. दोन पोळ्या झाल्यावर म्हणाले, "उत्तम आहेत हं. मागच्या वर्षीच्या मात्र जरा जास्त लुसलुशीत होत्या." आत्याबाई तूप वाढत होत्या. त्यांनी हात आवरला नाही की नजर वळवली नाही. "त्या ग्रंथपालबाईंनी केल्या हुत्या," एवढंच म्हणाल्या. साहेबांचा घास हातात राहिला. मग मान खाली घालून ते निमूट जेवले, आणि मला त्यांची थोडी दयाही आली.

पावसाळ्याच्या तोंडाला मान्यतेचं पत्र आलं. खालचा वर्ग, पण मान्यता. खताची पोती बाहेरच राहिली. तपासणीच्या शेऱ्याची नक्कल सोबत होती, आणि तिच्यात 'ग्रंथपाल जागेवर उपस्थित' अशी ओळ होती. आत्याबाईंनी ती मला तीनदा वाचायला लावली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ओळ कुठे आहे ते त्यांनी बोट ठेवून पाठ करून घेतलं.

पत्र आलं त्या दिवशी चार वाजता मी वाचनालय उघडलं. सगळे जमले, हवालदारांनी पेपर उघडला. खिडकीखालचा कट्टा मोकळा दिसला, तेव्हा वाटलं, मामंजी शेतावर गेले असतील. इतक्यात दारात वहाणा काढल्याचा आवाज झाला. ते चौकटीत उभे होते, टोपी हातात घेऊन. आत येत नव्हते, परतही जात नव्हते.

"बसू का, बाई?" त्यांनी विचारलं.

माझे पाय खुर्चीखाली उठायला धडपडत होते. हवालदार वाचायचे थांबले. आजोबा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "परेड आठवा, वैनी." मी दोन्ही हातांनी माझा गुडघा धरला आणि खुर्चीवर बसूनच म्हटलं, "बसा, मामंजी."